सावलीच्या वाफ्यातील ब्राह्मी : ओळख, लागवड व संग्रह

ब्राह्मी हे नाव आज महाराष्ट्रात किमान तीन निरनिराळ्या वनस्पतींस लावले जाते, आणि त्यांपैकी एक तर शास्त्रोक्त औषधी द्रव्यही नाही. चिकित्सक चिठ्ठीवर एक शब्द लिहितो, काष्ठौषधींचा व्यापारी दुसरेच काही देतो व रुग्ण रोपवाटिकेतून तिसरेच घेऊन येतो. या गोंधळातून सुटण्याचा एक साधा मार्ग आम्हांस सापडला, तो म्हणजे दवाखान्याच्या आवारात खरी ब्राह्मी स्वतः लावणे. ही वनस्पती भूमीलगत पसरणारी, मांसल पानांची, आपल्याच मातीतली आणि अर्धसावलीत आनंदाने वाढणारी आहे. जिथे गुलाब वा तुळस नीट येत नाही अशा ओलसर कोपऱ्यात ती हिरवा गालिचा धरते. गेली काही वर्षे आम्ही ती वाढवीत आहोत. त्या अनुभवाचा, त्यात झालेल्या चुकांसह, येथे विचार केला आहे.

प्रथम ही लागवड आम्ही का हाती घेतली ते सांगणे प्राप्त आहे. अकरा वर्षांचा एक मुलगा अपस्माराच्या त्रासासाठी आमच्याकडे आणला होता. मेंदूविकारतज्ज्ञांची औषधे चालू होती. त्याचे वडील शिक्षक, समजूतदार गृहस्थ. इतर चिकित्सेबरोबर आम्ही त्यांस सहज सांगितले, ‘घरी ब्राह्मी लावा, सकाळी ताजा रस द्या.’ चार महिन्यांनी ते एक कुंडी उचलून घेऊन आले. ‘डॉक्टरसाहेब, तुम्ही सांगितलेली ब्राह्मी बघा किती पसरली!’ कुंडीत नाण्याएवढी गोल, चकचकीत पाने होती. प्रत्येक पानाच्या मधोमध, छत्रीस दांडा असावा तसा, देठ जोडलेला. ती ब्राह्मी नव्हती, मंडूकपर्णीही नव्हती. शोभेसाठी विकली जाणारी हायड्रोकोटाइल होती. चार महिने मुलास तिचा रस दिला गेला होता. त्याहून गंभीर बाब अशी की, ‘आता ब्राह्मी चालू आहे’ या भरवशावर घरच्यांनी सायंकाळची गोळी आपल्या मनाने बंद केली होती व मुलास शाळेतच झटका आला होता.

त्या गृहस्थांस बोल लावण्याचा आम्हांस अधिकार नव्हता. झाड न दाखविता नाव सांगितले ते आम्ही. चालू गोळ्या बंद करू नयेत असे बजावले होते काय, हे आम्ही आमच्या टिपणात पाहिले. तशी नोंद नव्हती. मुलास त्याच दिवशी पुन्हा तज्ज्ञांकडे पाठविले व गोळ्या पूर्ववत सुरू झाल्या. त्या आठवड्यात आम्ही दवाखान्यामागील नळाजवळचा कोपरा खणावयास घेतला.

ग्रंथांतील स्थान

ब्राह्मी व मंडूकपर्णी एकच, असे मानणारा पक्ष जुना आहे. भावप्रकाशात दोहोंचे वर्णन एकत्र येते व गुणही समान सांगितले आहेत. व्यवहारातील सरमिसळीस त्यामुळे आधार मिळाला असावा. तथापि संहिता पाहिल्यास भेद स्पष्ट होतो. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायात जी चार मेध्य रसायने सांगितली त्यांत मंडूकपर्णीचा स्वरस आहे. सोबत यष्टिमधू, गुडूची व शंखपुष्पी आहेत. ब्राह्मी तेथे नाही. तीच ब्राह्मी अपस्मारचिकित्सेत मात्र ब्राह्मीघृताचे मुख्य द्रव्य म्हणून येते. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात, मेधायुष्कामीय रसायनाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात, मंडूकपर्णीस्वरसाचा व ब्राह्मीस्वरसाचा प्रयोग स्वतंत्रपणे सांगितला आहे. एकाच अध्यायात एकाच वनस्पतीचे दोन प्रयोग दोन नावांनी देण्याचे प्रयोजन आम्हांस दिसत नाही.

भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियानेही हाच निर्णय केला आहे. पहिल्या भागाच्या दुसऱ्या खंडात ब्राह्मी म्हणजे बाकोपा मोनिएरी, चौथ्या खंडात मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला एशियाटिका. केरळातील वैद्यपरंपरा तर पूर्वीपासून बाकोपासच ब्राह्मी म्हणते. आपल्याकडे मात्र जुन्या मराठी वनौषधी ग्रंथांत व खेड्यापाड्यांत ‘ब्राह्मी’ म्हटले की कारिवणा, म्हणजे मंडूकपर्णी, आणि बाकोपास ‘नीरब्राह्मी’ किंवा ‘जलब्राह्मी’ असे दुय्यम नाव. कोकणातील वृद्ध स्त्री ब्राह्मी म्हणून कारिवण्याची पाने आणून देते तेव्हा ती फसवीत नसते. तिच्या भाषेत ती बरोबरच असते. भाषा बदलण्याचा हट्ट आम्ही धरीत नाही. चिकित्सकाने व औषधनिर्मात्याने मात्र चिठ्ठीवर, बरणीवर व वेष्टनावर कोणते द्रव्य अभिप्रेत आहे ते शास्त्रीय नावासह लिहावे.

यात नुसता नावाचा वाद नाही. बाकोपातील बाकोसाइड वर्गाच्या द्रव्यांचे संशोधन लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत १९६० च्या दशकापासून झाले. सेंटेलामध्ये एशियाटिकोसाइड व मॅडेकॅसोसाइड हा वेगळाच समूह आहे. २००१ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी निरोगी प्रौढांना १२ आठवडे रोज ३०० मिलिग्रॅम सत्त्व देऊन स्मृतीविषयीचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो बाकोपाचा होता. अशा अभ्यासाचा दाखला देत कारिवण्याचे चूर्ण विकणे प्रामाणिकपणाचे नाही. मंडूकपर्णी कमी दर्जाची आहे असा याचा अर्थ नव्हे. त्वचा व व्रण यांवरील तिचे कार्य सर्वश्रुत आहे, आणि मेध्य तर ती चरकोक्तच आहे. तिला तिच्या नावाने द्यावे, एवढेच.

ओळख

आमच्या पदवीच्या वर्षांत द्रव्यगुणाच्या वर्गात ब्राह्मी आम्ही कागदावर चिकटवलेली, वाळून तपकिरी झालेली पाहिली होती. अशा नमुन्यावरून या मांसल वनस्पतीची कल्पना येणे कठीण. तिचे निम्मे लक्षण रसरशीतपणात आहे व वाळताना तेच नाहीसे होते. म्हणून ओल्या वनस्पतीची लक्षणे येथे देतो.

ब्राह्मीचे कांड बारीक, गुळगुळीत, रसाळ. जमिनीवर सरपटत जाते व पेऱ्यापेऱ्याला मुळे सोडते. टोके किंचित वर उचललेली असतात. पाने समोरासमोर, देठरहित, जाड. बुडाशी निमुळती व टोकाशी गोलसर, लहान चमच्यासारखी. लांबी अर्ध्यापासून दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंत. कडा अखंड. पानाची मागील बाजू भिंगातून पाहिल्यास सूक्ष्म ठिपके दिसतात. फुले पानाच्या बगलेत एकेकटी, बारीक देठावर, पांढुरकी किंवा फिकट निळसर-जांभळी, पाच पाकळ्यांची. पान चावले की प्रथम पाणचट लागते, मग कडूपणा येतो व तो जिभेवर रेंगाळतो. हा तिक्त रस ही सर्वांत सोपी परीक्षा होय. पान कडू लागले नाही तर पुढे जाऊ नये.

मंडूकपर्णीचे पान मूत्रपिंडाच्या आकाराचे, कडेस गोलसर दाते असलेले, लांब देठाचे. देठ पानाच्या खाचेत जोडलेला. धावते कांड बहुधा तांबूस. शोभेच्या हायड्रोकोटाइलचा देठ, वर सांगितल्याप्रमाणे, पानाच्या मध्यावर जोडलेला असतो व पानास खाच नसते. या दोघींच्या गोंधळास एक ऐतिहासिक कारणही आहे. लिनीयसने १७५३ साली मंडूकपर्णीचे नाव हायड्रोकोटाइल एशियाटिका असेच ठेवले होते व जुन्या द्रव्यगुणग्रंथांत तेच छापलेले आहे. ते नाव वाचून कोणी हायड्रोकोटाइलची कुंडी घेतली तर त्यास सर्वस्वी अडाणी म्हणता येणार नाही. त्याच ग्रंथांत ब्राह्मी ‘हर्पेस्टिस मोनिएरा’ या नावाने आढळेल, हेही ध्यानात असावे.

ओढ्याकाठी स्वतः गोळा करणाऱ्यांनी आणखी तीन वनस्पतींपासून जपावे. घोळीची पाने तितकीच मांसल, परंतु चव आंबट-खारट व फुले पिवळी. जलपिप्पली त्याच ओलीत पसरते. तिच्या पानाच्या टोकाकडील कडा करवतीसारखी असते व फुले लहान गोंड्यांत येतात. आणि उंदीरकानी, जी मंडूकपर्णी म्हणून खपविली जाते; तिची फुले पिवळी, घंटेसारखी असतात.

जागा व सावली

‘सावलीत येते’ हे वाक्य आम्ही प्रथम फार शब्दशः घेतले आणि पहिला वाफा आंब्याखाली केला. घनदाट सावली, वरून पानगळ. दोन महिन्यांत कांडे लांबट, पाने विरळ व पातळ झाली. पेरी एकमेकांपासून दूर गेली. झाड मेले नाही, पण त्यास गालिचा म्हणता येईना. प्रकाशाच्या शोधात निघालेली वनस्पती अशी दिसते. सारांश, ब्राह्मीस अंधार नको, उन्हाचा चटका नको. सकाळचे तीन-चार तास ऊन व दुपारनंतर सावली ही तिची आवडती स्थिती. इमारतीच्या पूर्वेकडची पट्टी यासाठी उत्तम. शेवगा किंवा आवळा यांच्या बारीक पानांतून झिरपणारा प्रकाशही तिला मानवतो.

उत्तरेकडील बाजूविषयी एक निरीक्षण नोंदवतो. आपल्या अक्षांशावर मे अखेरपासून जुलैपर्यंत सूर्य माध्यान्हीही किंचित उत्तरेकडे असतो, त्यामुळे घराच्या उत्तरेस उन्हाळ्याच्या शेवटी ऊन पोहोचते. हिवाळ्यात मात्र तेथे दिवसभर सावली. अशा वाफ्यात मार्गशीर्ष-पौषात वाढ जवळजवळ थांबते व ते पाहून मनुष्य निराश होतो. झाड मेलेले नसते. पाणी कमी करावे व माघ सरेपर्यंत वाट पहावी.

उघड्या उन्हात ब्राह्मी येत नाही असे नाही. मुळे सतत पाण्यात असतील तर तलावाकाठी ती पूर्ण उन्हातही वाढते व तेथे तिला फुलेही अधिक येतात. आपल्या दवाखान्याच्या आवारात एप्रिल-मे महिन्यांत पाण्याची तेवढी श्रीमंती नसते, म्हणून सावली. पाणी व सावली यांचा असा परस्पर हिशेब आहे : एक कमी असेल तर दुसरे वाढवावे.

वाफा व लावणी

वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार बोटे खोल ठेवावा व कडेने मातीचा वरंबा घालावा. गादीवाफा येथे उपयोगी नाही, त्यातून पाणी निघून जाते. माती चिकणसर चालते, किंबहुना तीच बरी. तिच्यात पूर्ण कुजलेले शेणखत साधारण एका घमेल्यास तीन घमेली माती या प्रमाणात मिसळावे. रासायनिक खत आम्ही घालीत नाही. जमीन नसल्यास पसरट सिमेंटची कुंडी, फुटक्या टाकीचा खालचा भाग किंवा मोठे टोपले चालते. खोलीपेक्षा पसरटपणा महत्त्वाचा, कारण मुळे वरच्या थरातच राहतात.

बियांच्या मागे लागू नये. आठ-दहा सेंटिमीटर लांबीचे, तीन-चार पेरी असलेले तुकडे घ्यावेत. एखाद्या पेऱ्यास मूळ फुटलेले असल्यास उत्तम. दोन पेरी मातीत दाबून, टोक वर ठेवून, चहूबाजूंनी अर्ध्या वितीपेक्षा थोडे कमी, म्हणजे दहा सेंटिमीटर अंतर ठेवावे. पावसाळ्याचा प्रारंभ ही उत्तम वेळ. आठ-दहा दिवसांत मुळे धरतात व साधारण दोन महिन्यांत जमीन झाकली जाते. मोठ्या क्षेत्रावर लावू इच्छिणाऱ्यांनी लखनौच्या सीमॅप संस्थेने विकसित केलेल्या ‘प्रज्ञाशक्ती’, ‘सुबोधक’, ‘सिम-जागृती’ या वाणांची चौकशी करावी. दवाखान्यातील वाफ्यास खात्रीने ओळखलेले एखाद्या वैद्यमित्राकडील मूठभर तुकडे पुरे होतात. आमच्या वाफ्याचे बियाणे असेच केरळात शिकलेल्या एका स्नेह्याने ओल्या फडक्यात गुंडाळून आणून दिले.

पहिले दोन महिने तण काढणे हेच मुख्य काम. गालिचा दाट झाला की तण आपोआप हटते. तोवर लव्हाळा, हरळी, आंबुशी, नायटी रोज डोके वर काढतात. यांतील जवळजवळ प्रत्येक तण आपल्या निघंटूत सन्मानाने बसलेले आहे. मुस्ता, दूर्वा, चांगेरी उपटून फेकताना वैद्याचा हात अडखळतो खरा. पण ब्राह्मीच्या वाफ्यात ती अपद्रव्येच होत, व कापणीत मिसळली तर भेसळ. लव्हाळ्याची गाठ मात्र खोलवर खणूनच काढावी लागते.

माती सतत ओली हवी, परंतु वर पाणी साचून राहू देऊ नये. डेंग्यूचा प्रसार करणारा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि वैद्याच्या दारात त्याची पैदास होणे शोभणारे नाही. सकाळी एकदा भरपूर व उन्हाळ्यात सायंकाळी पुन्हा एकदा पाणी दिले म्हणजे भागते. पात्रात लावून पाणी साठविणारच असाल तर त्यात गप्पी मासे सोडावेत. कीड फारशी नाही. पावसाळ्यात नाकतोडे व गोगलगायी येतात. गोगलगायी सकाळी हाताने वेचणे हाच उपाय आम्ही करतो. नाकतोड्यांसाठी निंबोळी अर्क चालतो, पण कापणीपूर्वी पंधरा दिवस तोही बंद ठेवावा.

पाणी कोठले?

या विषयावर थोडे अधिक थांबावे लागेल. ब्राह्मी पाण्यातील कॅडमियम, शिसे, पारा यांसारखे जड धातू शोषून आपल्या देहात साठविते, हे अभ्यासांतून दिसून आलेले आहे. दूषित पाणी शुद्ध करण्यासाठी वापरता येण्याजोग्या वनस्पतींमध्ये तिचा विचार होतो तो यामुळेच. जो गुण सांडपाण्यास उपकारक, तोच औषधास घातक.

दुसरे असे की ही वनस्पती मांसल आहे. आमच्या मोजमापात आठ किलो ताज्या ब्राह्मीपासून साधारण एक किलो सुकी मिळते. पाणी उडून जाते, धातू उडत नाही. ताज्या पाल्यात कॅडमियमचे प्रमाण दशलक्ष भागांत ०.०५ एवढे क्षुल्लक असले तरी सुक्या पंचांगात ते ०.४ होईल, आणि औषधी वनस्पतींसाठीची मर्यादा ०.३ आहे. शिशाची मर्यादा १०, आर्सेनिकची ३ व पाऱ्याची १. तात्पर्य, ताजा पाला बघून हिरवागार, टवटवीत दिसला म्हणून तो निर्दोष ठरत नाही. शहराबाहेरच्या नाल्यावर तर ब्राह्मी फारच टवटवीत असते.

म्हणून वाफ्यास विहिरीचे किंवा नळाचे पाणी द्यावे. स्वयंपाकघराचे व धुण्याचे सांडपाणी, शोषखड्ड्याचा शेजार, रस्त्याकडेचे गटार पूर्णतः वर्ज्य. जुन्या भिंतीलगत वाफा असल्यास रंगाचे पोपडे आधी खरवडून दूर टाकावेत, कारण जुन्या तैलरंगात शिसे असू शकते. एकदा आमच्या मदतनिसाने फरशी पुसलेले फिनाइलचे पाणी सवयीने त्याच कोपऱ्यात ओतले. दोन दिवसांत हातभर जागा काळी पडली. ती माती काढून टाकली व त्या बाजूची ब्राह्मी वर्षभर औषधात घेतली नाही. तेव्हापासून वाफ्याभोवती विटांची कड आहे. उपदेशापेक्षा वीट अधिक उपयोगी पडली.

कापणी व सुकवणी

जून-जुलैतील लावणीची पहिली कापणी आश्विन-कार्तिकात, थंडी सुरू होण्यापूर्वी घ्यावी. जमिनीपासून चार-पाच सेंटिमीटर भाग ठेवून वरचा कापावा म्हणजे तो पुन्हा फुटतो. पंचांग हवे असल्यास वाफ्याचा एक पट्टा मुळांसकट उपटावा व तेथे तुकडे पुन्हा लावावेत. मुळे पेऱ्यापेऱ्यास असल्याने त्यांत माती अडकते. वाहत्या पाण्यात तीन-चार वेळा धुतल्याविना ती जात नाही. फार्मसीत अम्लात न विरघळणाऱ्या राखेचे प्रमाण मर्यादेबाहेर जाते त्याचे कारण बहुधा हीच माती असते.

सुकवणे हे या द्रव्याचे खरे संकट. पाने दोन दिवसांत वाळल्यासारखी दिसतात, कांडात मात्र पाणी तसेच असते. त्या अवस्थेत पोत्यात भरलेला माल आतून घाम धरतो, काळा पडतो व बुरशी येते. आमचा पहिला संग्रह असाच वाया गेला. सावलीत, वारा खेळता असलेल्या जागी, जाळीवर किंवा स्वच्छ कापडावर पातळ थर पसरावा, रोज उलटावा. कांड वाकविल्यावर कट्‌कन मोडले पाहिजे. नुसते वाकले तर अजून वेळ आहे. हवेनुसार आठवडा ते दहा दिवस लागतात. भर पावसाळ्यात सुकविण्याच्या फंदात पडू नये. त्या दिवसांत स्वरस काढावा किंवा घृत सिद्ध करावे.

किती माल मिळतो, याचा स्वच्छ हिशेब द्यावा लागेल. आमचा वाफा साठ चौरस फुटांचा. एका चांगल्या कापणीस आठ-नऊ किलो ओली ब्राह्मी मिळते. तीतून गाळून सुमारे चार लिटर स्वरस निघतो. स्नेहापेक्षा चौपट द्रव या सामान्य नियमाने चार लिटर स्वरसात एक किलो घृत सिद्ध होते. म्हणजे संपूर्ण कापणी एक किलो घृतासाठी. हीच ब्राह्मी वाळविली तर किलोभर पंचांग, आणि १ ते ३ ग्रॅम या फार्माकोपियातील मात्रेने रोज तीन ग्रॅम घेणाऱ्या तीन-चार रुग्णांस तीन महिने पुरेल एवढेच. दवाखान्यातील वाफा फार्मसीचा कच्चा माल पुरवू शकत नाही, हे उघड आहे.

तरीही फार्मसीचालकांनी आवारात चार फुटांचा वाफा जरूर ठेवावा, असे आमचे आग्रहाचे म्हणणे आहे. तो मालासाठी नव्हे, तुलनेसाठी. कच्च्या मालाची ओळख पटवून नोंद ठेवणे हे शेड्यूल टी अन्वये बंधनकारक आहेच. पण गोदामात माल उतरविणाऱ्या मनुष्याने खरी ब्राह्मी कधी चाखलेलीच नसेल तर नोंदवहीतील सही कशाची? एकदा आम्ही घृतासाठी मागविलेल्या सुक्या ब्राह्मीचे पोते उघडले. चिमूटभर चघळून पाहिली. कडूपणा नावापुरताही नव्हता. पाण्यात भिजवून पाने उलगडली तेव्हा दातेरी कडा दिसल्या. बहुतांश मंडूकपर्णी होती. माल परत केला. भिजवून उलगडण्याची ही रीत कोणासही जमण्याजोगी आहे. शंका राहिल्यास प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शकीय व रासायनिक परीक्षण करून घ्यावे. मोठी गरज असणाऱ्यांनी पाणी, माती व मालाचे परीक्षण ठरवून थेट शेतकऱ्याशी करार करावा.

रुग्णास देताना

ताजा स्वरस काढलेल्या दिवशीच वापरावा. प्रौढास १० मिलिलिटरपासून प्रारंभ करतो. रिकाम्या पोटी दिल्यास काहींना मळमळ होते, मलप्रवृत्ती पातळ व वारंवार होते. ग्रंथकारांनी हिला सर म्हटले आहे ते अनुभवास येते. अशांना आहारानंतर द्यावे किंवा घृताच्या रूपाने द्यावे. बंगालमध्ये ब्राह्मीची पालेभाजी घरोघरी खाल्ली जाते, त्या रीतीने तुपावर परतून दिलेलीही अनेकांस सोसते. गर्भिणीस आम्ही देत नाही. झोपेची, झटक्यांची वा थायरॉइडची औषधे घेणाऱ्यांस ती औषधे देणाऱ्या चिकित्सकास कळवूनच सुरू करतो.

रोप मागणाऱ्यास आता आम्ही नुसते नाव सांगत नाही. वाफ्यापाशी नेतो, एक पान चावावयास देतो. शेजारी तीन फुटांवर, दाट सावलीच्या बाजूस, मंडूकपर्णीचा वेगळा वाफा आहे; तीही दाखवितो. दोहोंवर देवनागरीत शास्त्रीय नावांच्या पाट्या आहेत. मग दहा-बारा तुकडे ओल्या कापडात बांधून देतो, चालू औषधे बंद करावयाची नाहीत हे चिठ्ठीवर लिहून त्याखाली सही घेतो, आणि दोन महिन्यांनी फुलासह एक फांदी आणून दाखविण्यास सांगतो. ती पाहिल्यावरच रसाची मात्रा लिहून देतो. पुष्कळजण आणीत नाहीत. ते शिक्षक गृहस्थ मात्र आश्विनात आले. पाण्याच्या पेल्यात फांदी होती, तिच्यावर दोन निळसर फुले. मुलाच्या गोळ्या तज्ज्ञांच्या सल्ल्याने चालू आहेत. सोबत ब्राह्मीघृत आहे. त्या घृतासाठी लागणारी ब्राह्मी आता त्यांच्याच परसातल्या, आडाच्या सावलीतल्या वाफ्यातून येते.